न विचारता उघडलेली खाती

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या नकळत त्याच्याविषयीचे जे ज्ञान विक्री-सॉफ्टवेअरने विक्रेत्याच्या मेजावर आणून ठेवले, तसले ज्ञान पूर्वीच्या कोणत्याही पेढीवाल्याला, त्याची माणसे कितीही तरबेज असली तरी, लाभले असेल असे वाटत नाही. विक्री प्रतिनिधीने सकाळी आपले सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर, उघडावे आणि त्यात असे नोंदलेले आढळावे, की अमुक कंपनीतील कोणी इसम काल रात्री आपल्या संकेतस्थळावर आला होता, प्रथम त्याने यंत्राची माहिती वाचली, मग किमतीच्या पानावर तो पुन्हा पुन्हा परतला, मागील आठवड्यात पाठविलेला ईमेल त्याने दोनदा उघडला, आणि हे सर्व ध्यानात घेता त्याला आजच फोन करणे इष्ट आहे, हा पुष्कळ कंपन्यांतील नित्याचा अनुभव होता. आणि जी सोय नित्याची होते तिच्या मुळाशी काय आहे हे पाहण्याची बुद्धी, ती सोय नाहीशी होईपर्यंत, सहसा कोणाला होत नाही.

ती सोय आता उणी होत चालली आहे. कोठे ती सॉफ्टवेअरमधून समूळ काढून टाकण्यात आली, कोठे युरोपातील अभ्यागतांपुरती बंद झाली, कोठे अभ्यागताची स्पष्ट संमती मिळेपर्यंत ती निष्क्रिय राहते, आणि जेथे ती नावाला शिल्लक आहे तेथेही तिने पुरविलेली माहिती पूर्वीइतकी भरवशाची उरलेली नाही. खाजगीपणाच्या नियमांनी आम्हांला आंधळे केले, अशी विक्री विभागांची कैफियत आहे. ही कैफियत उडवून लावण्याजोगी नाही, कारण तिच्यामागे कष्टाने धंदा करणाऱ्यांची उपजीविका आहे. तथापि जे गेले ते नेमके काय होते, कोणत्या युक्तीने मिळत होते आणि कायद्याने त्यास हरकत का घेतली, याचा क्रमाने विचार केला म्हणजे या हानीचे स्वरूप बरेच निराळे दिसू लागते.

संकेतस्थळाचे एखादे पान आपण मागवितो तेव्हा आपला ब्राउझर त्या स्थळाच्या सर्व्हरकडे एक विनंती धाडतो, आणि त्या विनंतीबरोबर काही गोष्टी ओघानेच जातात: उत्तर कोठे पाठवावयाचे हे सांगणारा आयपी पत्ता, मागितलेल्या पानाचे नाव, ब्राउझरचा प्रकार, आणि बहुधा आपण कोणत्या पानावरून येथे आलो त्याचा उल्लेख. सर्व्हर या विनंत्या आल्या त्या क्रमाने, वेळेसह, आपल्या दप्तरात टिपून ठेवतो. आपल्याकडील जुन्या पेढ्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही रोजकीर्द झाली. रोजकीर्दीत व्यवहार घडला तसा लिहिलेला असतो. माणसामाणसाचा हिशेब तिच्यात लागलेला नसतो, आणि तो लावावयाचा तर तिच्यातील एकेक कलम उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यावर मांडावे लागते. वेबच्या आरंभीच्या वर्षांत सर्व्हरपाशी केवळ रोजकीर्द होती. एकाच माणसाने पाच पाने पाहिली की पाच माणसांनी एकेक पाहिले, हे तिच्यावरून खात्रीने सांगता येत नसे, कारण प्रत्येक विनंती स्वतंत्र असावी आणि तिला मागच्या विनंतीची स्मृती नसावी अशीच वेबची मूळ घडण होती.

ही घडण दुकानदारीस अडचणीची ठरली, कारण गिऱ्हाइकाने एका पानावर निवडलेला माल दुसऱ्या पानावर जाताच विसरला जाऊ लागला, तर विक्री व्हावयाची कशी? १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली. एमसीआय या अमेरिकी दूरसंचार कंपनीसाठी जे विक्रीचे काम चालले होते त्यात अर्धवट राहिलेल्या खरेदीचा तपशील सर्व्हरने सांभाळू नये, तो गिऱ्हाइकाच्याच संगणकावर राहावा, अशी अपेक्षा होती. तेव्हा सर्व्हरने ब्राउझरला एक छोटी खूणचिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि पुढील प्रत्येक विनंतीसोबत ती परत दाखवावी, अशी योजना मॉन्टुली यांनी केली. हीच ती कुकी. जन्मतः ती निरुपद्रवी होती. परंतु एका पानात इतर कंपन्यांची चित्रे आणि जाहिराती समाविष्ट होऊ लागल्या तेव्हा त्या परक्या कंपन्यांनाही आपापली खूणचिठ्ठी ठेवता येऊ लागली, आणि जी कंपनी हजारो संकेतस्थळांवर हजर होती तिला एकाच माणसाचा माग स्थळामागून स्थळ काढता येऊ लागला. १९९६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने या प्रकाराकडे लक्ष वेधीपर्यंत सामान्य वाचकाला कुकी म्हणून काही असते याचा पत्ताच नव्हता. पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत इंटरनेटचे तांत्रिक मानदंड ठरविणाऱ्या मंडळाने कुकीविषयीचा पहिला मानदंड प्रसिद्ध केला आणि परक्या कुकी ब्राउझरने आपण होऊन स्वीकारू नयेत अशी शिफारस त्यात केली. त्या काळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी, म्हणजे नेटस्केपने आणि मायक्रोसॉफ्टने, ती शिफारस अमलात आणली नाही; आणि पुढे जाहिरातीचा जो अवाढव्य व्यवसाय उभा राहिला तो या उपेक्षेच्या पायावर.

विक्री-सॉफ्टवेअरची युक्ती याच सामग्रीतून सिद्ध झाली. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी आपल्या गिऱ्हाइकाला काही ओळींची स्क्रिप्ट देई आणि ती त्याने आपल्या संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात घालावी असे सांगे. अभ्यागत येताच ती स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवी आणि त्याने पाहिलेले प्रत्येक पान त्या क्रमांकाखाली सीआरएमकडे कळवी. म्हणजे खतावणीत खाते उघडले गेले, फक्त त्यावर नाव लिहावयाचे राहिले. ते नाव दोन मार्गांनी मिळे. अभ्यागताने चौकशीचा फॉर्म भरला तर त्यातील ईमेल पत्ता त्या क्रमांकाला जोडला जाई. अथवा विक्रेत्याने पाठविलेल्या ईमेलमधील दुव्यात प्राप्तकर्त्याची गुप्त खूण दडविलेली असे, आणि दुव्यावर बोट ठेवताच माणूस ओळखला जाई. ईमेल उघडला की नाही हे कळण्यासाठी त्यात एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ठेवीत, जे डोळ्यांना दिसत नाही, पण सर्व्हरवरून मागविले जाताच उघडल्याची वर्दी देते. यातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नाव एकदा जुळले म्हणजे ते केवळ पुढील भेटींना लागत नसे. महिनोन्महिने निनावी म्हणून साठलेल्या मागील साऱ्या भेटीही त्या नावावर वर्ग होत. आपण कोण हे ज्याने आज सांगितले, त्याने आपले पूर्वीचे सर्व भ्रमणही नकळत सांगून टाकले होते.

ज्यांनी फॉर्म भरला नाही आणि ज्यांना ईमेल गेला नव्हता, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग होता. आयपी पत्त्यांचे वाटप प्रादेशिक नोंदणी संस्थांकडून होते, युरोपासाठी ॲमस्टरडॅमची राइप आणि आशिया-पॅसिफिकसाठी ब्रिस्बेनची एपनिक, आणि कोणता पत्त्यांचा गट कोणत्या संस्थेला दिला आहे याची नोंद या संस्था जाहीरपणे ठेवतात. मोठ्या कंपनीचा स्वतःचा पत्त्यांचा गट असेल तर तिच्या कचेरीतून आलेल्या अभ्यागतावरून निदान कंपनीचे नाव तरी हाती लागे. माणूस अज्ञात राहिला तरी त्या कंपनीत खरेदीचा विचार चालला आहे एवढा सुगावा कंपन्यांना माल विकणाऱ्या विक्रेत्यास पुरेसा असे, आणि हा सुगावा विकणे हाच काही सॉफ्टवेअर कंपन्यांचा मुख्य धंदा होऊन बसला.

युरोपात या साऱ्याला हरकत घेतली गेली ती तंत्रज्ञानाविषयीच्या आकसातून नव्हे. दप्तरात माणसांची नोंद करून ठेवण्याची सत्ता किती घातक होऊ शकते याचा अनुभव त्या खंडाने विसाव्या शतकात घेतला होता. जगातील पहिला माहिती-संरक्षण कायदा १९७० साली जर्मनीच्या हेसे या राज्याने केला. डिसेंबर १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की आपल्याविषयीची कोणती माहिती कोणाला आणि कशासाठी द्यावयाची हे ठरविण्याचा अधिकार मूलतः त्या त्या व्यक्तीचा आहे. आपल्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे हे ज्याला कळत नाही तो मोकळेपणाने वागू शकत नाही, असा त्यामागील युक्तिवाद होता. १९९५ चा युरोपीय निर्देश, २००२ चा इलेक्ट्रॉनिक दळणवळणाविषयीचा निर्देश आणि २००९ मधील त्याची दुरुस्ती ही याच विचाराची पुढील पावले होत. दुरुस्तीनंतरच्या त्या निर्देशाने असा दंडक घातला, की वापरणाऱ्याच्या उपकरणावर काही साठवावयाचे वा तेथून काही वाचावयाचे असेल, आणि मागितलेल्या सेवेसाठी ते नितांत आवश्यक नसेल, तर आधी त्याची संमती घेतली पाहिजे. २०१६ साली संमत झालेले आणि २५ मे २०१८ पासून अमलात आलेले जीडीपीआर हे नियमन याच्या पुढे गेले. ऑनलाइन ओळखखुणा या वैयक्तिक माहितीत मोडतात असे त्याने स्पष्ट केले, आणि गंभीर उल्लंघनास २ कोटी युरो किंवा कंपनीच्या जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेथवर दंडाची तरतूद केली.

कायद्याच्या शब्दांना धार येते ती न्यायालयात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रेयर प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ठरविले, की बदलता आयपी पत्ताही, तो कोणाचा हे शोधण्याचा कायदेशीर मार्ग संकेतस्थळाच्या चालकापाशी असेल तर, वैयक्तिक माहितीच आहे. जुलै २०१९ मध्ये एका जर्मन वस्त्रविक्रेत्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की ज्याने आपल्या पानावर फेसबुकचे पसंतीचे बटण बसविले तो अभ्यागताची माहिती गोळा होण्याच्या आणि तिकडे धाडली जाण्याच्या कृत्यास संयुक्तपणे जबाबदार आहे. स्क्रिप्ट दुसऱ्याची होती ही सबब त्याला पुढे करता येणार नाही. आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला, प्लॅनेट४९ या सोडतीच्या संकेतस्थळाच्या प्रकरणात, आधीपासून बरोबरची खूण करून ठेवलेला चौकोन ही संमती नव्हे असा निकाल झाला. साठविलेली माहिती वैयक्तिक आहे की नाही याने कुकीच्या नियमास फरक पडत नाही, कारण तो नियम माणसाच्या उपकरणाचेच रक्षण करतो, असेही त्यात सांगितले गेले.

हा शेवटचा मुद्दा विक्री-सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कळीचा आहे, कारण या धंद्यातील लोकांचा ठरलेला बचाव असा होता, की आम्ही व्यक्तीचा माग काढीत नाही, केवळ कंपनीचे नाव शोधतो, आणि जीडीपीआर हे व्यक्तींसाठी आहे, कंपन्यांसाठी नाही. या बचावात तथ्यांश आहे. कंपनीचे नाव ही खरोखरच वैयक्तिक माहिती नव्हे. परंतु त्या नावापर्यंत पोचण्यासाठी वापरला जाणारा पत्ता एखाद्या माणसाच्या उपकरणाचा असतो, त्यावर ठेवलेला क्रमांक त्याच उपकरणावर असतो, आणि कंपनी चार माणसांची असेल तर कंपनीचे नाव कळणे म्हणजे माणूसच कळणे होय. पुढे युरोपच्या माहिती-संरक्षण मंडळाने २०२४ मध्ये अंतिम केलेल्या मार्गदर्शनात ईमेलमधील अदृश्य चित्रे आणि दुव्यांतील खुणा यांनाही उपकरणाविषयीच्या त्या नियमाच्या कक्षेत धरले, तेव्हा उरलासुरला आडोसाही गेला.

यात आणखी एक गुंता पडला तो देशांतराचा. ही सॉफ्टवेअरे बहुतांशी अमेरिकी, त्यांचे सर्व्हर अमेरिकी कंपन्यांचे, आणि युरोपीयांची माहिती अमेरिकेत पाठविण्याचा जो करार होता तो युरोपीय न्यायालयाने एकदा २०१५ मध्ये आणि त्याच्या जागी आलेला दुसरा करार १६ जुलै २०२० रोजी रद्दबातल ठरविला, कारण अमेरिकी हेरखात्यांपासून त्या माहितीला पुरेसे संरक्षण नव्हते. त्यानंतर युरोपभर १०१ तक्रारी दाखल झाल्या, आणि २०२२ च्या आरंभी प्रथम ऑस्ट्रियाच्या व मग फ्रान्सच्या नियामकाने गूगल ॲनालिटिक्स या अभ्यागतांची मोजदाद करणाऱ्या साधनाचा तेथील स्थळांवरील वापर बेकायदेशीर ठरविला. १० जुलै २०२३ रोजी नवा करार अमलात आला तेव्हा ही कोंडी तूर्त फुटली. परंतु पायाखालची जमीन दोनदा सरकलेली ज्यांनी पाहिली ते पुन्हा तितक्या निर्धास्तपणे त्यावर इमले बांधीत नाहीत.

नियामकांच्या बरोबरीने तंत्रकंपन्यांनीही दारे लावून घेतली. गूगलने २०११ पासून शोधशब्द झाकण्यास प्रारंभ केला आणि कोणते शब्द शोधून अभ्यागत आपल्याकडे आला हे संकेतस्थळांना हळूहळू कळेनासे झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगल ॲनालिटिक्समधून अभ्यागताच्या जाळ्याच्या मालकाचे नाव दाखविणारे दोन रकाने काढून टाकण्यात आले, आणि कोणत्या कंपनीतून कोण आले हे एक पैही खर्च न करता पाहण्याची पुष्कळ विक्रेत्यांची सोय एका रात्रीत संपली; पुढची आवृत्ती तर आयपी पत्ते साठवूनच ठेवीत नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ मध्ये स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकींचे आयुष्य सात दिवसांवर आणले आणि मार्च २०२० मध्ये परक्या कुकी सरसकट रोखल्या. २०२१ च्या सप्टेंबरात ॲपलच्या मेल ॲपने ईमेलमधील चित्रे माणसाने ईमेल उघडण्याची वाट न पाहता आपणच आधी मागवून ठेवण्याची सोय दिली, त्यामुळे न वाचलेले ईमेलही वाचले गेल्यासारखे दिसू लागले. गूगलचे क्रोम मात्र २०२० मध्ये परक्या कुकी बंद करण्याची घोषणा करून, मुदत वारंवार लांबवून, अखेर २०२४ मध्ये त्या बेतापासून मागे फिरले. त्यातच कोविडच्या साथीच्या काळात माणसे घरून काम करू लागली आणि कचेरीच्या पत्त्याऐवजी घरच्या जोडणीचा पत्ता येऊ लागला, तेव्हा पत्त्यावरून कंपनी ओळखण्याची विद्याही क्षीण झाली. मोबाइल जाळ्यावर तर एकाच पत्त्याआड असंख्य ग्राहक असतात.

या सर्वांचा जमाखर्च सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने मांडला तर तिला काय दिसते? एका रकान्यात अशी सोय, की जिच्यासाठी प्रत्येक देशाचा निराळा नियम पाळावा लागतो, संमतीची नोंद ठेवावी लागते, मागणी होताच माहिती खोडून टाकावी लागते, आणि अनेक गिऱ्हाइकांकडील माहिती एकत्र करून वापरली तर नुसत्या कारकुनाची भूमिका सुटून जबाबदार चालकाची भूमिका अंगावर येते. दुसऱ्या रकान्यात त्या सोयीची दिवसेंदिवस घटत जाणारी अचूकता. अमेरिकेतही निवांतपणा नाही. कॅलिफोर्नियाचा फोन चोरून ऐकण्याविरुद्धचा १९६७ चा जुना कायदा आता संकेतस्थळांवरील स्क्रिप्टना लावला जात आहे, आणि त्यात प्रत्येक उल्लंघनास ५,००० डॉलर भरपाईची तरतूद असल्याने दाव्यांचा ओघ सुरू झाला आहे. असा हिशेब पुढे आला असता सोय काढून टाकणे हा भित्रेपणा नसून साधा व्यवहार ठरतो.

आता विक्रेत्याच्या कैफियतीतील खरा भाग पाहिला पाहिजे. या नियमांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या महाकाय कंपन्यांकडे कोट्यवधी लोक स्वतःच्या खात्याने प्रवेश करून दिवसभर वावरतात त्यांना परक्या कुकीची गरजच नाही; त्यांच्यापाशी माणसाचे नाव आधीपासूनच आहे. लहान कारखानदारापाशी मात्र स्वतःच्या संकेतस्थळावरील पाऊलखुणांवाचून दुसरे साधन नव्हते, आणि तेच गेले. शिवाय संमती मागण्याच्या निमित्ताने पानापानावर ज्या पाट्या उभ्या राहिल्या त्यांनी वाचकाचा जीव मेटाकुटीस आणला. स्वीकाराचे बटण ठळक आणि नकाराची वाट आडवळणाची, अशी रचना सर्रास झाली, आणि तिच्याचबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. मोठ्यांना दंड परवडतो आणि लहानांना वकीलही परवडत नाही, हे दुःख खरे आहे, आणि नियम करणाऱ्यांनी त्याची दखल घ्यावयास हवी.

तथापि या दुःखाने मूळ प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. कायद्याची हरकत रोजकीर्दीला नाही. आपल्या पानावर किती लोक आले, कोणते पान अधिक वाचले गेले, कोठे वाचक थबकला, हे मोजण्याची मुभा आजही आहे. फ्रान्सच्या नियामकाने तर केवळ स्वतःच्या स्थळाची निनावी गणना करण्यापुरती मर्यादित असलेली साधने संमतीच्या अटीतून वगळली आहेत. हरकत आहे ती न विचारता उघडलेल्या खात्याला. किमतीचे पान पुनःपुन्हा पाहणारा मनुष्य खरेदीस उत्सुक असेल, प्रतिस्पर्ध्याचा नोकर असेल, वर्गातील निबंध लिहिणारा विद्यार्थी असेल, किंवा आपल्या साहेबाला ही वस्तू परवडणार नाही हे दाखविण्यासाठी आकडा शोधणारा कारकून असेल. सॉफ्टवेअरने त्याच्या नावापुढे गुण मांडले म्हणून त्याचे मन कळले असे होत नाही. त्याने स्वतः विचारलेला एक प्रश्न या साऱ्या अनुमानांहून मोलाचा असतो, कारण त्यात त्याची इच्छा असते. आणि ज्याला आपल्या प्रत्येक पावलाची नोंद होते हे ठाऊक आहे तो मोकळेपणाने वाचीत नाही, तुलना करीत नाही, शंका काढीत नाही. गिऱ्हाइकाचे हे स्वातंत्र्य ज्या बाजारातून जाते त्या बाजारात प्रामाणिक मालाचाही तोटाच होतो.

आपल्या देशाला हा वाद परका नाही. उत्तर प्रदेशातील खरकसिंग या इसमावर पुराव्याअभावी खटला चालू शकला नव्हता, तरी पोलिसांनी त्याचे हिस्ट्री शीट उघडून त्याच्या घरावर व हालचालींवर पाळत ठेवली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने रात्री घरात शिरण्याची पोलिसांची मुभा तेवढी रद्द केली, पण माणसाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्यास हरकत घेतली नाही, कारण खाजगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमतात राहून सांगितले, की ज्याच्यावर सतत नजर आहे त्याच्या फिरण्याला मोकळे फिरणे म्हणता येणार नाही. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि खरकसिंग निकालाचा तो भाग मोडीत काढला.

त्या निकालातून निघालेली वाट ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यापर्यंत आली. या कायद्याप्रमाणे संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय माणसाला असला पाहिजे. आणि १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे वा त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे निषिद्ध आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जारी झाले असून बहुतेक कर्तव्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे. शिवाय पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी असो की कोल्हापूरचा ओतीव भाग निर्यात करणारा कारखानदार, आपल्या संकेतस्थळावर येणाऱ्या युरोपवासीयांच्या वर्तनाचा माग तो काढीत असेल, तर जीडीपीआरचा अंमल त्याच्यापर्यंतही पोचतो.

म्हणून आपल्याकडील व्यापाऱ्यांना आणि विक्री विभागांना आग्रहाचे सांगणे असे, की मुदत सरण्याची वाट पाहू नका. आपल्या संकेतस्थळावर आज कोणाकोणाच्या स्क्रिप्ट चालतात आणि त्या काय कळवितात याची यादी करा. ज्यांचे प्रयोजन सांगता येत नाही त्या काढून टाका. निनावी गणनेवर जे भागते ते तिच्यावर भागवा. ईमेलमधील अदृश्य चित्रांच्या आधारे कोणालाही फोन करणे सोडा. ज्याची माहिती हवी त्याला ती कशासाठी हवी हे त्याच्या भाषेत स्वच्छ सांगा, आणि नकार आला तर तो निमूटपणे माना. किमती उघड छापा, चौकशीचा फॉर्म लहान ठेवा, आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्या, आणि आपले गिऱ्हाईक कोण हे त्यालाच सांगू द्या. त्याने स्वखुशीने दिलेली माहिती कोणताही नियम तुमच्यापासून हिरावून घेणार नाही.